गाण्यात वीसपर्यंत पोहोचणारी मुले पाच चिंचोके मोजताना का अडतात?

पडवीतली शाळा (प्रश्न)

नमस्कार. मी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका वाडीवर तीन वर्षांपासून अंगणवाडी सेविका म्हणून काम करते. पटावर तीन ते सहा वर्षांची तेवीस मुले आहेत आणि त्यांपैकी रोज सतरा-अठरा येतात. जागा म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढची पडवी. प्रार्थना झाली की आम्ही पडवीत गोल करून अंकांची गाणी म्हणतो. प्रत्येक आकड्याला टाळी, दहा झाले की उडी आणि वीस झाले की गिरकी. हा अर्धा तास मुलांचा सर्वांत आवडता आहे, आणि खरे सांगायचे तर माझाही, कारण घरून रडत आलेले मूलसुद्धा तेवढ्या वेळात रडणे विसरते.

मागच्या आठवड्यात पर्यवेक्षिका भेटीला आल्या होत्या. मुलांनी गाणे खणखणीत आवाजात म्हणून दाखवले. मग त्यांनी सर्वांत मोठ्याने गाणाऱ्या चार वर्षांच्या मुलापुढे चिंचोक्यांची वाटी ठेवली आणि ‘मला पाच दे’ असे सांगितले. त्याने मूठ भरून अकरा चिंचोके त्यांच्या हातावर ठेवले आणि तो हसत उभा राहिला. त्याच्या शेजारच्या मुलीला त्यांनी सात चिंचोके मांडून मोजायला सांगितले. तिने बोट लावत नीट सुरुवात केली, पण ‘स’ म्हणताना एका चिंचोक्यावर आणि ‘हा’ म्हणताना पुढच्या चिंचोक्यावर बोट ठेवल्यामुळे ‘सात’ म्हणायला चिंचोका उरलाच नाही. ‘मग किती झाले?’ असे विचारल्यावर तिने उत्तर न देता पुन्हा ‘एक’पासून मोजायला घेतले. पर्यवेक्षिका रागावल्या नाहीत, पण जाताना ‘गाणी पुरे झाली, आता मोजायला शिकवा’ असे म्हणाल्या, आणि ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

तीन वर्षे आम्ही नुसती करमणूकच केली का? गाणी आणि हालचाल ठेवून त्यांतूनच मोजणे शिकवता येत असेल, तर नेमके काय बदलावे लागेल? शिवाय काही पालकांचा आग्रह आहे की हीच गाणी ‘वन, टू, थ्री’ अशी घ्यावीत. त्याबद्दलही अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

निवृत्तीनंतर

ताई, गाणी मुळीच बंद करू नका. तुमच्या पर्यवेक्षिकांनी जे पाहिले ते अचूक पाहिले, पण त्यावरून गाणे निरुपयोगी ठरत नाही. गाण्याने आपले काम केलेले आहे, आणि जे काम त्याचे नव्हतेच त्याची अपेक्षा आपण त्याच्याकडून करत होतो. मी बालवाडीत एकतीस वर्षे शिकवले आणि त्यांतली पहिली दहा वर्षे तरी याच समजुतीत काढली.

संख्यांची नावे क्रमाने म्हणता येणे वेगळे आणि वस्तू मोजता येणे वेगळे. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या अमेरिकी अभ्यासकांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली, आणि तुमचा प्रसंग समजून घ्यायला त्यांतली पहिली तीन पुरेशी आहेत : शब्दांचा क्रम कायम राहिला पाहिजे, एका वस्तूच्या वाट्याला एकच शब्द आला पाहिजे, आणि शेवटचा उच्चारलेला शब्द हाच एकूण संख्या सांगतो हे कळले पाहिजे. गाण्याने पहिले तत्त्व पक्के होते आणि ते तुमच्या मुलांचे झालेले दिसते. दुसऱ्याला टाळी आणि उडी मदत करू शकतात, पण एका अटीवर, ती पुढे सांगते. तिसरे मात्र गाण्यातून आपोआप येत नाही, कारण गाणे कधी थांबतच नाही. पाच आला की लगेच सहा येतो आणि ‘पाच म्हणजे एवढे’ हे पाहायला मुलाला सवडच मिळत नाही.

तुमच्या त्या मुलाने मूठभर चिंचोके दिले यात आश्चर्य नाही. कॅरेन विन या संशोधिकेने १९९० च्या सुमारास ‘मला अमुक इतके दे’ हीच कसोटी वापरून दाखवले की मुलांना आधी फक्त ‘एक’चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’चा, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’चा, आणि तोवर पुढचे सगळे आकडे त्यांच्या लेखी ‘पुष्कळ’ या एकाच अर्थाचे असतात. कोणत्याही संख्येपर्यंत मोजून देण्याची उमज बहुतेक मुलांना साडेतीन-चार वर्षांच्या आसपास येते, कुणाला त्याहून उशिरा. तेव्हा त्या मुलाला बाजूला घेऊन एक मागा, दोन मागा, तीन मागा. जिथे त्याचा हात चुकेल तिथून त्याचे शिकणे सुरू करायचे आहे. वीसपर्यंतच्या गाण्याशी त्याचा संबंध नाही.

आता त्या मुलीकडे वळू, कारण मला तिचीच चूक अधिक मोलाची वाटते. एक ते दहा या शब्दांपैकी सहा, नऊ आणि दहा हे तीनच शब्द जिभेवर दोन तुकड्यांत येतात, आणि मुलांची बोटे नेमकी तिथेच घसरतात. अकरा ते एकोणीस यांत तर प्रत्येक शब्द असाच किंवा याहून लांब आहे. तुमचे गाणे एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका आणि ‘सहा’ला आपण एक टाळी वाजवतो की दोन, हे तपासा. मी स्वतः कित्येक वर्षे चालीच्या ओघात दोन वाजवत होते आणि ते एका पाहुण्या बाईंनी दाखवून देईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. एका शब्दाला एकच हालचाल, शब्द कितीही लांब असला तरी, ही ती अट. यासाठी टाळीपेक्षा पाऊल बरे पडते. देवळाच्या किंवा शाळेच्या पायऱ्या चढताना शब्द पूर्ण झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही असा खेळ ठेवला, तर ‘स…हा’ म्हणेपर्यंत मूल त्याच पायरीवर थांबते.

टाळीचा आणखी एक दोष आहे. ती वाजली की संपली; मुलाला मागे वळून ‘किती झाल्या’ हे पाहता येत नाही. चिंचोके समोर राहतात, टाळ्या राहत नाहीत. म्हणून प्रत्येक उडीबरोबर एक चिंचोका वाटीत टाकायला लावा. उड्या संपल्या की वाटी पालथी करा, चिंचोके ओळीत मांडा, आणि मग विचारा की आपण किती उड्या मारल्या. अंगाने केलेली गोष्ट डोळ्यांपुढे उरली पाहिजे.

आणि गाण्याला थांबा द्या. मी स्वतः रचलेले एक गाणे खाली देते. त्याला कोणतीही सोपी चाल लावा.

पाच कैऱ्या टोपलीत,
एक पडली ओसरीत,
वाकून बघा टोपलीत,
किती उरल्या टोपलीत?

इथे सगळ्यांनी गप्प व्हायचे. टोपली खरी, कैऱ्या खऱ्या; नसतील तर गोटे चालतील. एक मूल वाकून बघते, बाकीची मुले न बोलता बोटे वर करतात, आणि टोपलीवाल्या मुलाने मोजून सांगितल्यावरच ‘चार कैऱ्या टोपलीत’ सुरू होते. शेवटी टोपली रिकामी होते तेव्हा ‘ओसरीत किती?’ असे विचारायला विसरू नका. पहिल्या आठवड्यात हमखास एखादे मूल ‘एकही नाही’ म्हणते, कारण त्याचे सगळे लक्ष टोपलीकडे लागलेले असते.

दुकानदाराचा मुलगा

माझा शिक्षणशास्त्राशी संबंध नाही, तरी पाठांतराची बाजू कुणीतरी घ्यावी म्हणून लिहितो. माझे वडील चौथी शिकलेले. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे सगळे पाढे संध्याकाळी रांगेत बसून, पुढेमागे डोलत, एका सुरात म्हणवून घेत असत. अर्थ कुणी सांगत नसे. वडील म्हणत की अडीचकी म्हणजे काय हे त्यांना बाराव्या वर्षी आजोबांच्या किराणा दुकानात, गूळ तोलताना, पहिल्यांदा समजले. अडीच रुपये भावाच्या मालाचे सहा नग गिऱ्हाइकाने मागितले आणि कागद-पेन्सिल शोधायच्या आत तोंडातून पंधरा बाहेर पडले. तोंडात आधीपासून शब्द होते म्हणून तराजूपाशी त्यांचा उपयोग झाला, हे खरे. पण तराजू मिळेपर्यंत मधली पाच-सहा वर्षे ते शब्द नुसतेच पडून होते, हेही तितकेच खरे. तुमच्या मुलांना तराजू लवकर मिळावा एवढेच माझे म्हणणे आहे. आहार वाटण्याआधी ताटल्या मुलांनाच मांडू द्या. ताटली कमी पडली तर ज्याला ती मिळाली नाही ते मूल लगेच सांगते, तपासायला बाई लागत नाहीत.

लंगडीपटू

मी साताऱ्याकडे शारीरिक शिक्षण शिकवतो. हालचालीतून मोजणे ही आपल्याकडे कुणी बाहेरून आणलेली गोष्ट नाही, आणि बालवाडीसाठी काही नवीन शोधण्याआधी आपल्याच खेळांकडे नीट पाहावे असे मला वाटते.

सागरगोट्यांचेच पाहा. पाच गोटे घेऊन खेळताना एक वर उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे : आधी एकेक करून चार, मग दोन आणि दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चार या संख्येचे बहुतेक सगळे तुकडे मुलीच्या हातातून जातात, आणि तेही गोटा हवेत असताना, म्हणजे मोजत बसायला वेळ नसतो आणि दोन किंवा तीन गोटे नजरेनेच ओळखावे लागतात. एक ते तीन-चार वस्तू न मोजता एका दृष्टिक्षेपात ओळखण्याची शक्ती माणसात मुळातच असते. हा खेळ तिला धार लावतो. अर्थात, तीन-चार वर्षांच्या मुलाला गोटा झेलता येणार नाही. त्याच्यासाठी झेलणे काढून टाका आणि ‘दोन उचल, पुन्हा दोन उचल’ एवढेच ठेवा.

विटीदांडूत तर आकड्यांची नावेही वेगळी. आमच्या गावी वकट, लेंड, मुंड, नाल अशी मोजणी चाले, आणि जो आकडा येईल त्याप्रमाणे विटी पावलावर, मुठीवर किंवा कोपरावर ठेवून टोला मारावा लागे. गावागावांत ही नावे थोडी बदलतात. पुढे हैदराबादला नोकरी केली तेव्हा तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ऐकून मी चकित झालो. नाव कोणत्याही भाषेचे असो, शरीराच्या एकेका जागेशी बांधले गेले की ते पन्नास वर्षे विसरत नाही, याला मी स्वतः साक्षी आहे.

भोंडल्याची आठवणही करून देतो. हादग्याच्या सोळा दिवसांत पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी गाणी वाढवत नेण्याची रीत अनेक घरांत होती. ‘आज कितवा दिवस, म्हणजे किती गाणी’ हा हिशेब फेर धरणाऱ्या मुली आपसांत भांडून चुकता करत. आश्विनात तुमच्या पडवीत हे सहज करता येईल.

एका गोष्टीत ‘निवृत्तीनंतर’ यांच्या लेखनाला पुरवणी जोडतो. पडवीत खडूने एका सरळ ओळीत दहा चौकोन आखा आणि त्यांत अंक लिहा. एक-दोन असे लिहिलेले फासे टाकून मुलाने तेवढ्या उड्या मारायच्या, पण उडी मारताना ‘एक, दोन’ न म्हणता ज्या चौकोनात पाय पडतो त्याचा अंक म्हणायचा. म्हणजे चारवर उभे असताना दोन पडले तर ‘पाच, सहा’. अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर असाच सरळ रेषेतला एक ते दहाचा पटावरचा खेळ दोन आठवड्यांत चार वेळा, पंधरा-वीस मिनिटे खेळून पाहिला, तेव्हा त्या मुलांची संख्यांची जाण स्पष्टपणे सुधारली. चौकोनांत अंकांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत तसे घडले नाही. ते पटावर सोंगटी सरकवत होते. आपण सोंगटीच्या जागी मूल उभे करतो इतकाच फरक.

मागच्या रांगेतून

मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे. माझी मुलगी अशाच एका आनंदी, गाणाऱ्या बालवाडीत दोन वर्षे होती. ती समूहात तोंड हलवायची, टाळ्याही वाजवायची, आणि शेजारच्या मुलीच्या हातांकडे पाहून अर्ध्या क्षणाने उशिरा वाजवायची. तिला एका कानाने कमी ऐकू येते हे आम्हाला आणि बाईंना ती पाच वर्षांची झाल्यावर कळले. गाणे इतके छान चालले होते की कुणाला शंकाच आली नाही. दोष मी कुणाला देत नाही; आई असून मलाही ते दिसले नव्हते. पण समूहगान हे लपायलाही उत्तम ठिकाण असते, हे गाण्याचे कौतुक करताना विसरू नये.

म्हणून माझी विनंती अशी की रोज दोनच मुलांना, खेळाच्या ओघात, एकट्याने करायला द्या. परीक्षेचा भाव नको. टोपलीत वाकून बघण्याचे काम त्यासाठी योग्य आहे. अठरा मुले असतील तर नऊ दिवसांत सगळ्यांची पाळी येते. गाण्याबरोबर बोटेही दाखवा, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही त्यालाही आकडा दिसेल. जे मूल उडी मारू शकत नाही त्याच्या हाती चिंचोके टाकण्याची वाटी द्या. त्याला नुसते बसवून ठेवू नका.

बंगळुरूची आई

पालकांच्या ‘वन, टू, थ्री’च्या आग्रहाबद्दल लिहिते. माझा मुलगा घरी मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी आकडे ऐकत वाढला, आणि दहापर्यंत त्याचा काहीही गोंधळ झाला नाही. एका भाषेत ‘तीन म्हणजे एवढे’ हे कळले की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शिकायचा उरतो. त्यामुळे ज्या भाषेत मूल घरी भाकरी मागते त्या भाषेत आधी मोजू द्यावे.

अडचण पुढे येते. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस-एक म्हणतात, आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो, आणि एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकातून एक वजा करतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता हे अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण मुलांची हीच अडचण असल्याचे सांगितले होते. मला स्वतःला ‘बावन्न’ आणि ‘त्र्याण्णव’ सोडवत नाहीत, पण मुलाला एकोणतीस समजावताना मात्र अंगणाचाच आधार घ्यावा लागला : तीसपर्यंत पावले टाकायची आणि एक पाऊल मागे यायचे. ते सहा-सात वर्षांच्या मुलासाठी. तुमच्या मुलांना तूर्त वीसच्या पुढे नेण्याची घाई नसावी, आणि खरे तर दहाच्या पुढेही.

पडवीतली शाळा (तीन आठवड्यांनी)

सर्वांचे मनापासून आभार. जे केले ते प्रामाणिकपणे लिहिते.

गाणे ध्वनिमुद्रित करून ऐकले. ‘सहा’ला दोन टाळ्या होत्या, ‘नऊ’ला दोन, ‘दहा’ला दोन आणि वर उडी. त्या मुलीने मोजताना जे केले ते मीच तिला शिकवले होते. चाल बदलली आणि दहाशी थांबलो. पहिले चार दिवस मुलांनी जुनीच चाल ओढून नेली आणि मदतनीस ताई व मी दोघीही चुकलो.

खडूचे चौकोन पडवीत आखले, पण मुलांच्या पायांनी ते दुपारपर्यंत पुसले जातात, म्हणून आता गेरूने आखले आहेत. तीन वर्षांच्या मुलांना फासा जमत नाही. ती नुसती चौकोनांतून धावतात, आणि मी त्यांना धावू देते. कैऱ्यांचे गाणे मात्र सर्वांना लागू पडले. ‘किती उरल्या टोपलीत?’ नंतरची शांतता पहिल्या दिवशी दोन सेकंदही टिकली नाही, आता बोटे वर येईपर्यंत टिकते. ‘ओसरीत किती?’ याला एका मुलीने ‘माझी एक’ असे उत्तर दिले, कारण एक कैरी घरंगळत तिच्यापाशी गेली होती.

एकेकट्याने बोलावताना एक गोष्ट ध्यानात आली. रोज गिरकी सर्वांत सुंदर घेणारी एक मुलगी ‘दोन’ मागितले तरी मूठ भरते, आणि गाण्यात कधीच तोंड न उघडणारा एक मुलगा आठ चिंचोके अचूक देतो. त्या मुलीच्या आईला प्राथमिक आरोग्य केंद्रात कान तपासून घ्यायला सांगितले आहे. बहुधा काही नसेल, पण वरचे वाचल्यावर राहवले नाही.

त्या मूठभर चिंचोकेवाल्या मुलाला ‘दोन’ कळते, ‘तीन’ला कधी तीन येतात, कधी चार. काल आहाराच्या वेळी ताटल्या मांडायची पाळी त्याची होती. तो प्रत्येक मुलापुढे ताटली ठेवत, एकेकाचे नाव घेत गेला, आकडा एकही म्हणाला नाही. शेवटी त्याच्या हातात एक ताटली उरली. तो ती घेऊन थोडा वेळ उभा राहिला, रांगेवरून पुन्हा नजर फिरवली आणि मग ती जमिनीवर ठेवून स्वतः तिच्यापुढे बसला.

पर्यवेक्षिकांची पुढची भेट महिनाअखेरीस आहे.